शेजारी हजर पाहिजे

माझी ताई संशयी आहे, हे मी तिच्या तोंडावर सांगत आले आहे, तेव्हा इथे सांगायला काहीच हरकत नाही. संशयी म्हणजे अधूनमधून नाक मुरडणारी नव्हे. भावजी दूधकेंद्रावरच्या बाईकडे बघून एकदा हसले, तर दुसऱ्या दिवसापासून दूध आणायला ताई स्वतः जायला लागली. त्यांची दाढ दुखायला लागली आणि दाताची डॉक्टर बाई आहे असं कळलं, तेव्हा हिने त्यांना लवंग चघळायला लावून घरात बसवून ठेवलं. गाल सुजून तोंड उघडेनासं झालं तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं, आणि तिथेही खुर्चीच्या दांड्याला धरून ही उभी. डॉक्टरीण म्हणाली, "तुम्ही जरा बाजूला झालात तर मला उजेड मिळेल." ताई म्हणाली, "मला इथूनच नीट दिसतं."

भावजींचं कुलपांचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन दारांएवढी रुंदी, भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि किल्ली कापायचं एक यंत्र. त्या यंत्रावर मी बसते. घर वरच्या मजल्यावर. तिथे ताई पडदे शिवते, आणि मधल्या लाकडी जिन्याला दार नाही. वरचं शिवणयंत्र थांबलं की समजायचं, ताईचे कान खाली आलेत.

दुकानावर नावाच्या खाली एक पाटी आहे: 'शेजारी हजर असल्याशिवाय बंद दार उघडून मिळणार नाही.' लोक ती वाचून भावजींना मान द्यायचे. काय इमानी माणूस, म्हणायचे, खात्री झाल्याशिवाय कुणाच्या दाराला हात लावत नाही. कुलपांच्या घाऊक व्यापाऱ्याने तर तशाच पाट्या करून दुसऱ्या कुलूपवाल्यांना वाटल्या. मी यंत्राआड तोंड लपवून हसायची, कारण ती पाटी चोरांसाठी नव्हतीच.

त्याचं असं झालं होतं. लग्नाआधी ताई आणि मी एका भाड्याच्या खोलीत राहायचो. एकदा कुलूप अडकलं. मी कामावर होते. ताईने कुणाला तरी विचारून कुलूपवाला बोलावला, त्याने कुलूप चुटकीसरशी काढलं, आणि मग ज्याला तेलाची गरज नव्हती त्या कुलपाला तेल घालत तो संध्याकाळपर्यंत तिथेच बसला. दोनदा चहा झाला. थोड्याच दिवसांत लग्न. तेव्हा बंद दाराशी एकटी बाई आणि एकटा कुलूपवाला असले की पुढे काय होतं, हे जगात ताईइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्न झाल्यावर तिने पहिलं काय केलं असेल, तर तो नियम घातला. गिऱ्हाईक बाई असेल तर आधी शेजाऱ्याला हाक मारायची, त्याला दाराशी उभं करायचं, मग पिशवी उघडायची. गिऱ्हाईक पुरुष असेल तर शेजारी गेला खड्ड्यात. पाटीवर तसं लिहिणं बरं दिसेना म्हणून सरसकट लिहिलं, एवढंच.

माझ्या नवऱ्याचं काय, असं कुणी विचारेल. तो ज्या बाईबरोबर गेला ती आमच्याकडे जेवायला यायची, आणि जाताना मी तिला डबा बांधून द्यायची. त्यामुळे ताईचा मला कितीही राग येवो, त्या रागाच्या तळाशी थोडा हेवाही असतो. इतका डोळ्यांत तेल घालून जपण्याजोगा माणूस मला कधी वाटलाच नाही, आणि मी कुणाला वाटले नाही.

तर एका दुपारी फौजदार दोन शिपाई घेऊन दुकानात आला. माणूस शांत होता, आवाज चढवला नाही. म्हणाला, "तुम्हाला अटक करतोय. चोरीच्या इराद्याने घरफोडी आणि त्यात मदत, असा आरोप आहे. तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे. जे बोलाल ते कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. वकील हवा तर मिळेल, परवडत नसेल तर सरकार देईल. समजलं?"

भावजींनी हातातली कानस खाली ठेवली, फडक्याला हात पुसले आणि मान हलवली. फौजदाराने कहाणी सांगितली ती अशी. भावजींनी एका बाईला एका फ्लॅटचं दार उघडून दिलं होतं. तिने आपलं ओळखपत्र दाखवलं, त्यावर तोच पत्ता, दारावरच्या पाटीवर तेच आडनाव. पण ती त्या घरच्या मालकाची घटस्फोट झालेली बायको निघाली. कपाट रिकामं करून ती परदेशी पसार झाली. जिन्यातल्या कॅमेऱ्यात दोघंच दिसत होती, ती आणि भावजी.

तेवढ्यात वरचं यंत्र थांबलं होतं हे माझ्या लक्षातच आलं नाही. ताई जिना उतरून आली. तोंडात टाचण्या होत्या, त्या तिने एकेक काढल्या. बाकी कुणी असतं तर विचारलं असतं, काय चोरीला गेलं, कधी गेलं. हिने विचारलं, "कोण बाई?"

फौजदाराने सांगितलं.

"आणि शेजारी कोण होतं?"

"कुणीच नव्हतं. दोघंच होते."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शक्यच नाही! पाटी वाचा बाहेरची. लग्न झाल्यापासून एकदाही यांनी नियम मोडलेला नाही, मी शपथेवर सांगते. कुणासाठी मोडला नाही. मग हिच्यासाठीच कसा मोडला? विचारा ना त्यांना. कोण लागते ती त्यांची?"

फौजदाराने केव्हाच पेन काढलं होतं. नियम होता, तो कधी मोडला नव्हता, याच बाईसाठी मोडला, आरोपी तिला ओळखत असावा, हे सगळं त्याने लिहून घेतलं आणि ताईने खाली झोकात सही ठोकली. गप्प राहण्याचा हक्क भावजींना सांगितला गेला होता. ताईला कुणी सांगितला नव्हता, आणि सांगितला असता तरी तिने तो वापरला नसता.

जामीन दुसऱ्याच दिवशी झाला. कोर्टाने वकील नेमून दिला, आणि तो वकील निघाली बाई.

वकीलबाई साधारण ताईच्याच वयाची. केसांना रबर, पायात सपाट चपला, घसा कायम बसलेला. तिच्या कचेरीत आतल्या खोलीला काचेचं दार होतं. पहिल्या दिवशी तिने आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं.

"दोन आरोप आहेत. मोठा आरोप चोरीच्या इराद्याने घरफोडीचा. त्याला सात वर्षांपर्यंत कैद. लहान आरोप म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला घरात शिरायला मदत केली. त्याला थोडी कैद किंवा नुसता दंड. दार यांनी उघडलं, हे आपण नाकारत नाही. दार उघडणं हा यांचा धंदाच आहे. उघडताना मनात काय होतं, सगळा प्रश्न तेवढाच. आणि ते सरकार पक्षाने सिद्ध करायचं असतं. यांनी काहीच सिद्ध करायचं नाही. तोंडही उघडायचं नाही."

ताई म्हणाली, "मग लहान आरोप कबूल करून दंड भरून टाकू. विषय संपला."

"सरकारी वकील तेच सुचवतील," वकीलबाई म्हणाली. "पण कबूल केलं की हे शिक्षा झालेले गुन्हेगार. कुलपांचा परवाना त्याच दिवशी रद्द. आणि परवाना राहिला असं धरलं तरी, घरफोडीच्या भानगडीत सापडलेल्या माणसाला तुम्ही तुमच्या घराची किल्ली द्याल का?"

भावजींना दुसरं काही येत नाही. सकाळी डोळा उघडल्यापासून ते कुलपांतच असतात. जेवतानासुद्धा एखादं जुनं कुलूप ताटाशेजारी ठेवून त्याच्याकडे बघत बसतात. एक तर तुरुंग, नाही तर हात असून थोटं होऊन घरी बसणं.

मग वकीलबाई ताईकडे वळली. "तुम्ही पोलिसांना जबाब दिलाय. सरकार पक्षाने तुम्हाला साक्षीदार केलंय. नवरा-बायको एकमेकांशी खासगीत जे बोलतात त्याला कायद्याचं संरक्षण आहे, ते तुम्हाला कुणी सांगायला लावणार नाही. पण नियम, पाटी, तुम्ही स्वतः बघितलेलं, हे सगळं विचारतील. म्हणून खटल्याबद्दल माझ्याशी बोलू नका, यांच्याशीही बोलू नका. आता जरा बाहेर बसा."

"मी बाहेर बसू?"

"हो."

"आणि हे आत?"

"ते माझे अशील आहेत."

'माझे' हा शब्द ऐकून ताई अशी उठली की खुर्ची मागे पडली.

तेव्हापासून जे सुरू झालं त्याला मी तरी शिक्षाच म्हणेन, आणि खटला अजून उभाही राहिला नव्हता. दर खेपेला भावजी आत, ताई बाहेरच्या बाकावर, मी तिच्या शेजारी. काचेतून ऐकू काही यायचं नाही, दिसायचं सगळं. घरी हूं की चूं न करणारा माणूस तिथे हातवारे करून बोलत होता. एकदा बोलता बोलता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. वकीलबाईने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"बघितलंस?" ताई दातओठ खाऊन म्हणाली. "माझ्यासमोर हा माणूस सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा रडला नव्हता."

"पाणीच दिलं गं तिने. ओंजळीने नाही पाजलं."

"तू तिचीच बाजू घे."

घरी तर आणखी मजा. ताई विचारायची, "काय सांगितलंत तिला एवढं?" आणि भावजी ताटावरून मान वर न करता म्हणायचे, "वकीलबाईंनी बोलू नको म्हटलंय." हे वाक्य ऐकलं की ताईच्या अंगाचा तिळपापड. "वकीलबाईंनी श्वास घ्या म्हटलं की घ्याल ना? का तोही तिच्याच कचेरीत जाऊन घेणार?" चोरी, तुरुंग, परवाना, हे सगळं तिच्या लेखी मागे पडलं होतं. तिला एकच हवं होतं. त्या बाईसाठी नियम का मोडला, आणि ते कारण वकीलबाईला माहीत आहे तर मला का नाही.

सरकार पक्षाची सगळी भिस्त त्या पाटीवर आहे, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. चोरी होऊ नये म्हणून केलेला नियम जाणूनबुजून मोडला, म्हणजे चोरी होणार हे माहीत होतं, असा त्यांचा हिशोब. पण तो नियम चोरीसाठी नव्हताच! एवढंच कोर्टाला कळलं तरी अर्धा खटला कोसळत होता. मी एकटीच वकीलबाईकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. नियम ताईचा, तो फक्त बायकांपुरता, पुरुष गिऱ्हाईक असलं की शेजाऱ्याचं नावही निघत नाही.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "हे मला आधीपासून माहीत आहे की नाही, हेही मी तुम्हाला सांगू शकत नाही. अशील मला जे सांगतो ते त्याच्या परवानगीशिवाय माझ्या तोंडून निघत नाही."

"मग मला साक्षीला बोलवा."

"बचाव कुठला घ्यायचा, यात शेवटचा शब्द त्यांचा. मी फक्त सल्ला देते. तो मी दिलाय."

"मग मी ताईलाच सांगते, उभी राहशील तेव्हा हे बोल म्हणून."

"साक्षीदाराला पढवलंत तर पुढच्या खटल्यात आरोपीच्या जागी तुम्ही असाल," ती म्हणाली. "आणि तेव्हा सरकार मलाच तुमची वकील नेमेल असं काही नाही."

मी चडफडत परत आले. भावजींनीच अडवलंय, हे कळायला मला वेगळी अक्कल नको होती. दुकानात कुणी नाही असं बघून मी त्यांच्या कानाशी लागले. "सात वर्षं आत जाल, पण ताईला लोक हसलेले चालणार नाहीत तुम्हाला?"

ते किल्लीच्या दात्यांवर कानस फिरवत होते. "हळू बोल," म्हणाले. "वरचं यंत्र थांबलंय."

खटल्याच्या दिवशी ताई इस्त्रीची साडी नेसून आली होती. वकीलबाई काळ्या कोटात बऱ्या दिसत होत्या, हे ताईने मला तीनतीनदा ऐकवलं. कोर्टाची खोली लहान होती. पंखे होते, पण वारा फक्त न्यायाधीशांच्या कागदांना लागत होता. ते वयस्कर गृहस्थ सर्दीने हैराण झालेले, आणि त्यांच्या खाली एक बाई टाइप करत बसलेली. भावजी आरोपीच्या जागेवर हात बांधून उभे. फ्लॅटचा मालक येऊन सांगून गेला, फौजदार सांगून गेला. मग ताईला पुकारलं. तिने खरं सांगण्याची शपथ घेतली.

सरकारी वकील बारीक अंगाचा, अगदी लाघवी बोलणारा. पाटीचा फोटो त्याने तिच्यापुढे धरला.

"हा नियम तुमच्या दुकानात पाळला जातो?"

"हो."

"कडक?"

"तुम्ही कल्पना करू शकणार नाही इतका."

"या प्रसंगाआधी तुमच्या पतीने तो मोडल्याचं तुम्हाला आठवतं?"

"एकदाही नाही."

"म्हणजे शेजाऱ्याला बोलवायचं असतं, हे त्यांना पुरेपूर माहीत होतं. तरीही या बाईच्या वेळी त्यांनी कुणालाही बोलावलं नाही."

"नाही बोलावलं," ताई म्हणाली, आणि भावजींकडे असं काही बघितलं की न्यायाधीशांनी शिंक आवरली.

"संपलं," असं म्हणून सरकारी वकील खाली बसला. त्याचा चेहरा जेवण छान झाल्यासारखा दिसत होता.

आता पाळी वकीलबाईची. ती उठली. तिने भावजींकडे बघितलं. भावजींनी अगदी किंचित मान हलवली. नाही. तिने पुन्हा त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांनी पुन्हा तशीच मान हलवली.

"उलटतपासणी नाही," असं म्हणून ती खाली बसली.

न्यायाधीश ताईला म्हणाले, "तुम्ही जाऊ शकता."

पण ताई हलली नाही. भावजी आणि वकीलबाई नजरेनेच बोलले, हे तिने बघितलं होतं. इतकी वर्षं संसार करून आपल्याला जे जमलं नाही ते या बाईला जमतं, हे तिथे उभ्या उभ्या तिच्या काळजात घुसलं. मला तिची मान ओळखता येते. ती ताठ झाली.

"साहेब, या दोघांचं आता काय ठरलं?"

"बाई, तुम्ही खाली या."

"नाही येत. मी खरं सांगायची शपथ घेतलीय ना? मग अर्ध्यावर कशी उतरू? तो नियम त्यांचा नाहीच. माझा आहे."

सरकारी वकील ताडकन उठला. न्यायाधीशांनी त्याला हाताने बसवलं आणि रुमाल नाकावरून काढला. "म्हणजे काय?"

"म्हणजे मी घातलाय. बायका एकट्या असतात. दार उघडून द्यायचं, मग पाणी घ्या, मग चहा घ्या. मला माहीत आहे काय होतं ते, माझं लग्नच तसं जमलंय. म्हणून म्हटलं, शेजारी पाहिजे. चोरी होऊ नये म्हणून नव्हे हो. चोर आला काय आणि गेला काय, माझा नवरा घरी आला पाहिजे."

कोर्टात खसखस पिकली. भावजींनी डोळे मिटून घेतले होते.

आता मात्र वकीलबाई उठली. "एकच प्रश्न, कोर्टाच्या परवानगीने. गिऱ्हाईक पुरुष असेल तर?"

ताईने तिच्याकडे न बघता न्यायाधीशांना उत्तर दिलं. "पुरुष असेल तर कशाला शेजारी? मला काय करायचंय पुरुषांशी?"

सरकारी वकील कच्च्या गुरूचा चेला नव्हता. फेरतपासणीला उभा राहिला तेव्हा त्याचा आवाज आणखी मऊ झाला होता. "बाई, तुम्ही पोलिसांना सांगितलंत की आरोपी त्या महिलेला ओळखत असावा. तुमच्या पतीचे तिच्याशी संबंध असल्याचा तुम्हाला संशय होता. हो की नाही?"

हो म्हटलं तर भावजी त्या बाईचे साथीदार, आणि नाही म्हटलं तर आत्ताचं सगळं बोलणं खोटं. ताईने एक क्षणही घेतला नाही.

"हो. होता."

सरकारी वकील बसायला वळला.

"थांबा ना," ताई म्हणाली. "कुणाचा नसतो, ते विचारा. दूधकेंद्रावरच्या बाईचा आहे. दाताच्या डॉक्टरणीचा आहे. या वकीलबाईंचा तर सगळ्यात जास्त आहे, काचेचं दार लावून बसतात दोघं. या टाइप करणाऱ्या बाई मघाशी तिकडे बघून हसल्या, तेही मी बघितलंय."

टाइप करणारी बाई थांबली. न्यायाधीश म्हणाले, "लिहा. तेही लिहा." मागच्या बाकांवर लोक पोट धरून हसत होते, आणि मीही हसत होते.

"आणि ती तिकडे बसलीय ना," ताई म्हणाली, "माझी सख्खी धाकटी बहीण. दिवसभर खाली दुकानात त्यांच्याबरोबर असते. हल्ली कानात कुजबुजतात दोघं. तिचासुद्धा."

हसणं थांबलं. माझ्याकडे कुणी बघितलं असेल तर मला कळलं नाही. मी समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत होते. जिच्या नवऱ्याला एका बाईने नेलं, तिच्यावर तिच्या बहिणीने हा संशय धरावा. आणि मी त्या कुजबुजीत काय बोलले होते, तर तिच्याच नवऱ्याला वाचवायचं.

ताई बोलतच होती, पण आवाज खाली आला होता. "बाईचा संशय मला रोज येतो, साहेब. झोपेतही येतो. तो माझा रोग आहे म्हणा. पण चोरीचा संशय मला त्यांच्याबद्दल एकदाही आला नाही. पोलीस आले तेव्हासुद्धा नाही. चोरी केली का, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही. विचारावंसं वाटलंच नाही."

निकाल लागला तेव्हा न्यायाधीशांची सर्दी बरी झाली होती. त्यांनी वाचून दाखवलं, की आरोपीने ओळखपत्र पाहूनच दार उघडलं असण्याचा संभव सरकार पक्षाला खोडून काढता आलेला नाही. की सदर नियम हा चोरीविरुद्धची खबरदारी नसून पत्नीने स्वतःसाठी घेतलेली खबरदारी होती, आणि तो मोडल्याने चोरीचा इरादा दिसत नाही. की साक्षीदार बाई सरसकट सर्वांवर संशय घेत असल्याने त्या संशयाला पुरावा म्हणून किंमत नाही. संशयाचा फायदा आरोपीला. दोन्ही आरोपांतून निर्दोष.

भावजींनी कठड्यावर दोन्ही हात टेकले. वकीलबाईने त्यांच्याशी हात मिळवला. ताईने तो हात सुटेपर्यंत नजर काढली नाही.

साक्षीच्या दिवसापासून ताई आणि मी कामापुरतंच बोलत होतो. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना ती पुढे, भावजी मधे, मी मागे. अर्ध्या पायऱ्यांवर ती थांबली आणि वळली.

"आता संपलं ना सगळं? आता वकीलबाईची मनाई नाही. सांगा. त्या बाईला शेजाऱ्याशिवाय का उघडून दिलंत?"

भावजींनी माझ्याकडे बघितलं नाही, इकडेतिकडेही बघितलं नाही. "ती म्हणाली, 'शेजाऱ्याला कशाला बोलवता? तुमच्यावर विश्वास आहे माझा.' मला कुणी असं म्हणालंच नव्हतं गं. प्रत्येक दाराशी उभं राहून मी शेजाऱ्याला हाक मारायचो, तेव्हा लोकांना वाटायचं हा गिऱ्हाइकावर विश्वास ठेवत नाही. खरं कारण मला ठाऊक होतं. माझी बायको माझ्यावर विश्वास ठेवत नाही, हे मी दारोदार हाक मारून सांगत हिंडायचो. त्या दिवशी वाटलं, एक दार आपण एकट्याने उघडू. तेवढंच. तिचा चेहराही मला आता आठवत नाही."

ताई एक पायरी परत वर चढली. खालच्या रस्त्यावर गाड्या वाजत होत्या.

"हे तुम्ही तिला सांगितलं होतंत? वकीलबाईला?"

"पहिल्याच दिवशी. कोर्टात हे काढायचं नाही, असंही बजावलं होतं. चार लोकांत तुझं हसं झालेलं मला नको होतं."

"सात वर्षं गेला असतात."

"गेलो असतो."

मला वाटलं, आता तरी ती रडेल, किंवा त्यांचा हात धरेल. माझ्यासाठी कुणी सात दिवस आत जायला तयार झालं असतं तर मी तिथेच पायरीवर बसकण मारली असती. ताई मात्र त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा मी कधी बघितला नव्हता इतका उघडा झाला.

"तिला आधी सांगितलंत," ती म्हणाली. "मला आज."

"तिला सांगितलेलं बाहेर जात नाही. तिला कायद्यानेच गप्प बसावं लागतं. तुला सांगितलं असतं तर तू..."

"गप्प बसायला मलाही येतं," ताई म्हणाली. "एकदा सांगून तरी बघायचं होतंत."

आणि घरी पोहोचेपर्यंत ती खरंच एक शब्द बोलली नाही. भाजीवाली भावजींशी हसून बोलली, तरी नाही. भावजी घाबरले. त्यांनी दोनदा वळून माझ्याकडे बघितलं, हिला काय झालं, असं विचारायला. दोन्ही वेळा मी दुसरीकडे बघितलं.